रिकाम्या आसनाचा इतिहास
(नभोवाणीवरील भाषण)

कुर्ल्याच्या ज्या शाळेंत मीं पस्तीस वर्षें इतिहास आणि गणित हे विषय शिकविले, ती शाळा विमानांच्या उतरण्याच्या मार्गाखालीं आहे. अकबराच्या दरबाराचें वर्णन रंगांत यावें, बिरबल आतां तोंड उघडणार, तोंच छपरावरून विमान जावें! मग अर्धा मिनिट वर्ग स्वस्थ बसे, मी खडू हातांत धरून उभा राही, आणि आवाज ओसरला कीं तेंच वाक्य पुन्हां आरंभापासून सांगे. अशा रीतीनें माझ्या नोकरीचे किती तास विमानांनीं खाल्ले, ह्याचा हिशेब मीं कधीं केला नाहीं. परंतु एवढें खरें कीं, ज्यांनीं माझीं इतकीं वाक्यें तोडलीं त्यांपैकीं एकाच्याहि पोटांत बसण्याचा योग मला वयाच्या चौसष्टाव्या वर्षापर्यंत आला नव्हता.

तो योग गेल्या पावसाळ्यांत आला. आणि तोहि फुकट. निदान 'फुकट' हा शब्द माझ्या मुलानें वापरला. तो म्हणाला, "अण्णा, माझे विमानाचे पॉइंट जुलैअखेर बाद होतात. तुम्ही आणि आई तीन दिवस गोव्याला जाऊन या. तिकिटाला पैसे पडणार नाहींत." भर आषाढांत गोव्याला कोण जातो, अशी शंका मीं काढली. तेव्हां तो हंसून म्हणाला, "कोणी जात नाहीं, म्हणूनच तर जागा मिळाली."

ह्या उत्तरानें मी थोडा चमकलों. गणिताच्या शिक्षकाला 'फुकट' ह्या शब्दाविषयीं नेहमींच संशय असतो. कारण समीकरणाच्या एका बाजूस जें दिसत नाहीं, तें दुसऱ्या बाजूस कोठें तरी असतेंच. आणि इतिहासाच्या शिक्षकाला कोणतीहि चाल दिसली, कीं ती केव्हां व कोणीं पाडली हें शोधल्यावांचून राहवत नाहीं. म्हणून बॅग भरण्याचें काम आमच्या सौभाग्यवतींवर सोंपवून मी ह्या पॉइंटांची वंशावळ शोधूं लागलों. तीच आज आपणांस सांगणार आहें.

प्रथम रिकाम्या आसनाविषयीं. दादरच्या फुलबाजारांत सकाळीं ज्या मोगऱ्याचा भाव विचारण्याची छाती होत नाहीं, तोच मोगरा रात्रीं नऊ वाजतां फुलवाली आपण होऊन अर्ध्या किंमतीला पुढें करते. तिला ठाऊक असतें कीं उद्यां तो कोणी घेणार नाहीं. विमानांतील आसन मोगऱ्याहूनहि नाशवंत होय. विमानाचीं चाकें जमिनीवरून सुटलीं, कीं त्यांतील रिकाम्या आसनाची किंमत शून्य होते. तें उद्यांसाठीं फडताळांत ठेवतां येत नाहीं. उलट त्या आसनावर एखादा मनुष्य बसविला तर कंपनीला अधिक खर्च पडतो तो थोडेंसें इंधन आणि फार तर एका उपाहाराचा. वैमानिकाचा पगार, विमानाचें कर्ज, विमानतळाचें भाडें हा सारा खर्च तो मनुष्य नसतांहि व्हावयाचाच असतो.

मग आसनें शेवटच्या घटकेला स्वस्तांत कां विकूं नयेत? कारण उघड आहे. पूर्ण भाडें देणारे गिऱ्हाईकहि मग शेवटच्या घटकेची वाट पाहत बसेल. फुलवालीला ही भीति नाहीं. सकाळची पूजा रात्रींपर्यंत खोळंबत नाहीं. विमान कंपनीला मात्र असा उपाय हवा होता कीं, जो एरवीं आलाच नसता त्यालाच तें आसन मिळावें, जो पैसे देऊन येणार आहे त्याला मिळूं नये, आणि ज्याला मिळालें तो मात्र जन्माचा बांधला जावा. पॉइंटांचा सारा इतिहास म्हणजे ह्या तीन अटी एकदम पाळणाऱ्या युक्तीचा शोध होय.

ह्यांतील पहिली गोष्ट, म्हणजे माणसांची गर्दी ठराविक काळींच होते ही, विमानाच्या फार आधींची आहे. 'हंगाम' हा जितका निसर्गाचा, तितकाच मनुष्यानें ठरविलेला असतो. आपल्याकडेच पाहा. इ. स. १८२८ च्या सुमारास मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम ह्यांनीं महाबळेश्वरास आरोग्यस्थान वसविलें. पुढें सरकारी लवाजमा कडक उन्हाळ्यांत महाबळेश्वरीं आणि पावसाळ्यांत पुण्यास जाऊं लागला. साहेब उतरले कीं बंगल्यांना कुलुपें लागत आणि दुकानदार गाशा गुंडाळीत. साहेब गेले, राज्य गेलें, परंतु 'सीझन' हा शब्द आपण ठेवून घेतला. हंगामाबाहेर डोंगर तेथेंच असतो आणि समुद्रहि तेथेंच असतो. नसतें तें फक्त गिऱ्हाईक.

रिकाम्या गाडींत माणसें भरण्याची कला आगगाडीनें शिकविली. इंग्लंडांत ५ जुलै १८४१ रोजीं थॉमस कुक नांवाच्या मद्यपाननिषेधाच्या एका प्रचारकानें रेल्वे कंपनीशीं करार करून सुमारें ५०० माणसें लेस्टरहून लफबरोला एका सभेसाठीं नेऊन आणलीं. भाडें माणशीं एक शिलिंग. एरवीं जीं माणसें गाडींत बसलींच नसतीं तीं बसलीं, आणि रेल्वेचेंहि नुकसान झालें नाहीं. सहलींचा मोठा धंदा ह्या एका शिलिंगांतून वाढला.

दुसरी गोष्ट बक्षिसाची. भाजीवाली वांगीं तोलून झाल्यावर वर कोथिंबिरीच्या चार काड्या घालते. त्या काड्यांची किंमत वांग्यांत आलेली असते हें गृहिणीला कळतें, आणि तिला तें कळतें हें भाजीवालीलाहि कळतें. तरी दोघी संतुष्ट असतात, व गृहिणी उद्यां पुन्हां त्याच टोपलीपुढें बसते. पश्चिमेकडे ह्या कोथिंबिरीचे दोन निरनिराळे वंश झाले. इ. स. १८४४ सालीं इंग्लंडांतील रॉचडेल गांवच्या विणकरांनीं व कारागिरांनीं सहकारी दुकान काढलें आणि नफा सभासदांना त्यांच्या खरेदीच्या प्रमाणांत वाटण्याची पद्धत घातली. तेथें गिऱ्हाईक हेंच मालक होतें. जें परत मिळे तें हक्काचें असे. दुसरा वंश अमेरिकेचा. तेथें १८९६ सालीं स्पेरी आणि हचिन्सन ह्या कंपनीनें हिरवीं तिकिटें काढलीं. दुकानदार तीं तिकिटें कंपनीकडून विकत घेई आणि खरेदीच्या मानानें गिऱ्हाइकांना वांटी. गृहिणी तीं वहींत चिकटवून वही भरली कीं कंपनीच्या कोठारांतून दिवा, किटली, चादर असें कांहीं तरी घेऊन येई. १९६० च्या सुमारास अमेरिकेंत ह्या वह्यांचें वेड घरोघरीं होतें.

ह्या तिकिटांनीं व्यापाऱ्याला दोन धडे दिले. एक असा कीं, मनुष्य रोख सवलतीहून वहींत सांचत जाणाऱ्या सवलतीला अधिक भुलतो. अर्धी भरलेली वही त्याला दुसऱ्या दुकानांत जाऊं देत नाहीं. आणि दुसरा असा कीं, वांटलेलीं सर्व तिकिटें कधींच परत येत नाहींत. कांहीं हरवतात, कांहीं विसरलीं जातात, कांहीं वह्या भरण्यापूर्वींच घर बदलतें. जें परत आलें नाहीं तें कंपनीचें. रॉचडेलच्या दुकानांत विसरलेला नफाहि सभासदाच्याच नांवावर राहणार. येथें मात्र विसरणें हाच कंपनीचा नफा होय. विमानाचे पॉइंट रॉचडेलच्या वंशांतले नव्हेत, हिरव्या तिकिटांच्या वंशांतले आहेत, हें ध्यानांत ठेवावें.

आतां विमानाकडे येऊं. अमेरिकेंत १९३८ पासून विमानाचें भाडें व मार्ग एक सरकारी मंडळ ठरवीत असे. एका गांवाहून दुसऱ्या गांवीं जाण्याचें भाडें सर्व कंपन्यांचें जवळजवळ सारखेंच. तेव्हां चढाओढ व्हावयाची ती जेवणाच्या पदार्थांत आणि सेविकांच्या पोषाखांत. २४ ऑक्टोबर १९७८ रोजीं अध्यक्ष जिमी कार्टर ह्यांनीं हें नियंत्रण उठविणाऱ्या कायद्यावर सही केली. त्या कामीं मंडळाचे अध्यक्ष व अर्थशास्त्राचे प्राध्यापक आल्फ्रेड काह्न ह्यांचा पुढाकार मोठा होता. बांध फुटल्यावर जें व्हावयाचें तें झालें. नव्या कंपन्या स्वस्त भाड्यानें उडूं लागल्या, आणि जुन्या कंपन्यांचीं नेहमींचीं गिऱ्हाइकें इकडून तिकडे फिरूं लागलीं.

गिऱ्हाइकाला उडालेल्या मैलांच्या हिशेबानें बक्षीस देण्याची कल्पना टेक्सास इंटरनॅशनल ह्या लहानशा कंपनीनें १९७९ सालीं प्रथम अंमलांत आणली असें मानतात. परंतु तिला खरें रूप आलें तें १ मे १९८१ रोजीं. त्या दिवशीं अमेरिकन एअरलाइन्स ह्या बड्या कंपनीनें, रॉबर्ट क्रँडल हे तिचे अध्यक्ष असतांना, आपली मैलांची योजना जाहीर केली. तिला हें साधलें तें एका यंत्रामुळें. 'सेबर' नांवाची संगणकाची एक मोठी व्यवस्था आयबीएम ह्या कंपनीच्या साह्यानें तिनें पूर्वींच उभारली होती. १९६४ पर्यंत तिचें सारें आरक्षण त्यावर चालूं लागलें होतें. आतां त्याच दप्तरांत, पुन्हां पुन्हां येणारे टेलिफोनचे क्रमांक कोणते, हें हुडकून काढून वारंवार प्रवास करणाऱ्यांची यादी करण्यांत आली. आमच्या शाळेंत हजेरीपटावरून पूर्ण हजेरीचीं मुलें निवडीत, त्यांतलाच हा प्रकार. त्याच महिन्यांत युनायटेड कंपनीनें तशीच योजना काढली, आणि त्याच वर्षीं इतर मोठ्या कंपन्याहि मागोमाग आल्या.

युक्तीच्या तिन्ही अटी कशा पाळल्या गेल्या पाहा. बक्षिसाचें आसन मिळावयाचें तें मोजकेंच, आणि जें विकलें जाण्याचा संभव कमी तेंच. म्हणजे मंगळवारचें, भर पावसाळ्याचें, पहांटेचें. नाताळ आणि मोठ्या सुट्या आल्या कीं त्या तारखांना पॉइंट चालत नसत. कोणत्या दिवशीं किती आसनें रिकामीं जातील, ह्याचें भाकित संगणक मागच्या वर्षांच्या आंकड्यांवरून करी. ह्यावरून माझ्या मुलाच्या उत्तराचा अर्थ मला कळला. आषाढांतील गोवा आम्हांला बक्षीस म्हणून मिळाला, तो बाजारांत विकला जात नव्हता म्हणून.

पुढें ह्या झाडाला फांद्या फुटल्या. १९८७ सालीं अमेरिकन कंपनीनें एका बँकेशीं जोडून क्रेडिट कार्ड काढलें, आणि किराणा घेतला तरी मैल मिळूं लागले. बँका कंपनीकडून मैल रोख पैसे देऊन विकत घेत. म्हणजे जें रिकामें आसन फुकट जावयाचें, त्याची आगाऊ विक्री सुरू झाली. १९९९ सालीं कॅलिफोर्नियांतील एका इंजिनिअरनें तर कमाल केली. एका खाद्य कंपनीच्या वेष्टणांवर मैल मिळतात, आणि सर्वांत स्वस्त वेष्टण पुडिंगच्या वाटीचें आहे, असा हिशेब त्यानें मांडला. त्यानें सुमारें ३,१४० डॉलरांत १२,१५० वाट्या घेतल्या. पुडिंग धर्मादाय संस्थेला देऊन टाकलें, त्या मोबदल्यांत तेथील लोकांकडून वेष्टणें सोलून घेतलीं, आणि साडेबारा लाख मैल आपल्या खात्यावर जमा केले. गणिताच्या शिक्षकाला हा मनुष्य आवडल्यावांचून कसा राहील?

परंतु असे विजय विरळा. साधारण नियम असा कीं, खेळाचे नियम जो लिहितो तोच ते बदलतो. १९८८ सालीं अमेरिकन कंपनीनें आपले नियम बदलले, आणि लोकांनीं पूर्वीं जमविलेल्या मैलांनाहि आसनांची मर्यादा व तारखांची बंदी लावली. लोक न्यायालयांत गेले. १९९५ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, राज्यांच्या ग्राहकरक्षणाच्या कायद्याखालीं ही तक्रार चालणार नाहीं. मात्र कंपनीनें स्वतः दिलेलें वचन मोडलें, असा कराराचा दावा चालूं शकेल. २०१५ व २०१६ ह्या सालांत तेथील तीन मोठ्या कंपन्यांनीं अंतर मोजणेंच सोडलें, आणि खर्च केलेल्या पैशांवर पॉइंट देण्यास आरंभ केला. नांव मैलाचें राहिलें, माप थैलीचें झालें.

आपल्या देशांत ही चाल उशिरां आली, कारण चढाओढच नव्हती. ज्या धंद्याचा आरंभ १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा ह्यांनीं कराचीहून अहमदाबादमार्गें टपाल घेऊन मुंबईस जुहूला विमान उतरवून केला, तो १९५३ च्या कायद्यानें सरकारच्या हातीं गेला. १९९० नंतर खासगी कंपन्या आल्या आणि १९९४ सालीं तो कायदा रद्द झाला. मग आपल्याकडेहि पॉइंटांचीं खातीं उघडलीं. त्यांतील कांहींची गत मात्र बोधप्रद आहे. किंगफिशरचीं विमानें २०१२ सालीं बंद पडलीं, आणि तिच्या पॉइंटांना अर्थ उरला नाहीं. १७ एप्रिल २०१९ रोजीं जेट एअरवेजचें उड्डाण थांबलें. परंतु तिच्या पॉइंटांचा व्यवहार निराळ्या कंपनीकडे असल्यामुळें तो विमानांच्या मागें कांहीं काळ उरला. आधीं विमान, मग पॉइंट, हा क्रम येथें उलटा झाला होता.

तो किती उलटा झाला होता, हें २०२० सालीं सर्व जगानें पाहिलें. महामारीनें विमानें जमिनीवर बसविलीं, आणि कंपन्यांना कर्ज हवें झालें. तारण काय ठेवणार? न उडणाऱ्या विमानांवर सावकाराचा भरंवसा बसेना. तेव्हां युनायटेडनें आपली मैलांची योजना तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर, डेल्टानें ९ अब्ज, आणि २०२१ सालीं अमेरिकन कंपनीनें १० अब्ज डॉलर उभे केले. वांग्यांवरच्या कोथिंबिरीवर कर्ज मिळालें!

श्रोतेहो, येथपर्यंत व्यापाऱ्याचा हिशेब झाला. आतां एक प्रश्न राहतो, आणि माझ्या मतें तोच मुख्य आहे. हे पॉइंट कोणाचे? नोकराला कचेरी प्रवासाला पाठवते, तिकिटाचे पैसे कचेरी भरते, आणि पॉइंट मात्र नोकराच्या नांवावर जमा होतात. ह्यावरून मोठे वाद झाले. अमेरिकेचें सरकार आपल्या नोकरांना सांगे कीं, सरकारी प्रवासाचे मैल सरकारी कामींच वापरा. शेवटीं डिसेंबर २००१ च्या एका कायद्यानें ते त्यांना स्वतःसाठीं वापरण्याची मोकळीक मिळाली. जर्मनींत २००२ सालीं ह्याच कारणावरून दोन राजकीय पुरुषांना मानहानि पत्करावी लागली. कामाच्या प्रवासाचे मैल खासगीकडे वापरल्याबद्दल ग्रेगोर गीझी ह्यांनीं बर्लिन राज्याचें मंत्रिपद सोडलें, आणि जेम ओझदेमिर ह्यांनाहि पक्षांतील आपल्या जागेचा राजीनामा द्यावा लागला.

मालक म्हणतो, पैसे माझे. नोकर म्हणतो, दगदग माझी. दोघांचेंहि म्हणणें खरें आहे. परंतु ह्या वादांत तिसऱ्या हक्कदाराचें नांव कोणी घेतलेलें मला आढळलें नाहीं. तो हक्कदार म्हणजे प्रवाशाच्या घरचीं माणसें.

हें मला सुचलें तें एका कागदामुळें. प्रवासापूर्वीं सूनबाईंनीं मुलाच्या खात्याचा उतारा मला छापून आणून दिला, कारण पॉइंट कसे मोजतात हें मला पाहावयाचें होतें. इतिहासाच्या माणसाला कागद मिळाला कीं तो तारखा वाचतो. बाद होणारे पॉइंट तीन वर्षांपूर्वींच्या आषाढांतले होते. त्या महिन्यांत माझा मुलगा अकरा वेळां विमानांत बसला होता. दिल्ली, चेन्नई, कोलकाता, पुन्हां चेन्नई. त्यांत एका तारखेपाशीं माझें बोट थांबलें. त्या दिवशीं आमच्या सौभाग्यवतींच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली होती. मुलगा दुपारीं आला, आईपाशीं चार तास बसला, आणि रात्रीं निघाला. रुग्णालयाच्या दारांत मीं त्याला म्हटलें होतें, "पाहुण्यासारखा आलास आणि पाहुण्यासारखा चाललास." तो कांहीं बोलला नव्हता.

उताऱ्यांत त्या एका तारखेला दोन नोंदी होत्या: चेन्नई ते मुंबई, आणि मुंबई ते चेन्नई. त्याखालींच दुसऱ्या दिवशींच्या पहांटेची नोंद होती, चेन्नई ते कोलकाता. मीं सूनबाईंना विचारलें, तेव्हां त्या म्हणाल्या, "अण्णा, तीं दोन तिकिटें कंपनीनें दिलेलीं नव्हतीं. रजा मिळेना, म्हणून ह्यांनीं स्वतःच्या पैशानें काढलीं होतीं."

तीन वर्षें तें वाक्य माझ्या मनांत मी योग्य बोललों म्हणून राहिलें होतें. एका उताऱ्यानें तें खोटें पाडलें. मुलांना मी सांगत असें कीं, बखरीचा निवाडा दप्तराच्या कागदावरून करावा. तो न्याय माझ्या घरांत मलाच लागू झाला.

अशा मनःस्थितींत आम्ही उभयतां विमानांत बसलों. तिकीट फुकट असलें तरी कर आणि विमानतळाचें शुल्क रोकडीनें भरावें लागलें, हेंहि सांगितलें पाहिजे. अनेक आसनें रिकामीं होतीं. आमच्या सौभाग्यवती खिडकीपाशीं बसल्या. ढगांवर येतांच त्यांनीं माझ्या मनगटावर हात ठेवला, आणि तो उतरेपर्यंत तेथेंच होता. तासाभरांत गोवा आला. बेचाळीस वर्षांपूर्वीं लग्नानंतर जावयाचें म्हणून ठरविलेला हा प्रवास आधीं पैशांसाठीं, मग मुलांच्या शाळेसाठीं, मग कोणत्या तरी आजारासाठीं राहून गेला होता.

पणजीस फोंतेन्यास भागांत आम्ही उतरलों. हंगामांत जें भाडें ऐकून परत फिरावें, त्याच्या निम्म्यांत खोली मिळाली. आणि मालकाला सवड असल्यामुळें त्यानें आपल्या आजोबांच्या काळची पणजी आम्हांला ओसरीवर बसून ऐकविली. समुद्रकिनाऱ्यावर लाल बावटे लागलेले. मासेमारीस जूनच्या आरंभापासून जुलैअखेर बंदी असते, त्यामुळें मालिमच्या धक्क्याला होड्या एकमेकींना टेकून उभ्या होत्या. पाऊस दिवसांतून आठ वेळां येई. जुन्या गोव्यांत बॉम जेझूचें मंदिर पाहिलें. इ. स. १६०५ पासून उभ्या असलेल्या त्या इमारतीचा जांभा दगड पावसानें काळपट लाल झाला होता, आणि आंत आम्हां दोघांखेरीज पांचसात माणसें होतीं. ज्या गोष्टी पाहावयास जग येतें त्या पाहावयास जग नसतांना जावें, हा हंगामाबाहेरच्या प्रवासाचा मोठा लाभ. गैरसोय सोसावी लागते हें खरें. दोन ठिकाणीं बंद दारें पाहून परतलों, आणि माझी छत्री मांडवीच्या वाऱ्यानें उलटी करून टाकली.

दुसऱ्या दिवशीं जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून दिवाडी बेटावर जाणाऱ्या फेरीबोटींत आम्ही चढलों. मी खिशांतून पैसे काढून तिकीट देणाऱ्याला शोधूं लागलों. शेजारीं टोपली घेऊन बसलेली एक बाई म्हणाली, "चालत येणाऱ्यांना पैसे नाहींत हो." तेथें ना पॉइंट, ना खातें, ना बाद होण्याची तारीख. नदीपलीकडे जावयाचें आहे, एवढी गोष्ट पुरेशी होती. आमच्या सौभाग्यवती कठड्याला धरून पाण्याकडे पाहत उभ्या राहिल्या. पलीकडे भाताच्या खाचरांत लावणी चालली होती. मी त्यांना त्या उताऱ्याची हकीकत सांगितली. त्या म्हणाल्या, "मला माहीत होतें. त्यानें मला त्याच दिवशीं सांगितलें होतें. तुम्हांला सांगूं नको म्हणाला. अण्णांना वाईट वाटेल म्हणाला."

श्रोतेहो, माझ्या शोधाचा निष्कर्ष थोडक्यांत असा. फुकट आसन हें फुकट नसतें. त्याची किंमत कोणी तरी आधींच दिलेली असते. कांहीं कचेरीनें पैशांत, कांहीं प्रवाशानें झोपेंत, आणि कांहीं घरच्यांनीं त्याच्या वाट पाहण्यांत. कंपनी परत देते तें तिला नको असलेलें आसन, तिला नको असलेल्या दिवशीं. ह्यांत तिला दोष देण्याचें कारण नाहीं; व्यापार व्यापाराच्या रीतीनें चालतो. परंतु तें आसन हातीं आलें असतां त्याचा उपयोग काय करावा, हें ठरविणें आपल्या हातीं आहे. जे पॉइंट घराबाहेर राहून मिळाले, ते घरच्या माणसांजवळ जाण्यांत खर्च व्हावे, हा मला त्यांचा उत्तम विनियोग वाटतो. आणि ते विसरून कंपनीच्या पदरीं पडूं देऊं नयेत, हा व्यवहार आहे.

परत आल्यावर मुलानें विचारलें, "कसें झालें, अण्णा?" मी उतारा घडी करून टेबलाच्या खणांत ठेवला होता, तो मीं बाहेर काढला नाहीं. एवढेंच म्हणालों, "उत्तम झालें. पुढच्या आषाढांत तूंहि रजा काढ. आपण सर्वजण जाऊं. पॉइंट नसले तरी हरकत नाहीं, मी तिकीट काढीन." तो थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिला. तेवढ्यांत घरावरून विमान गेलें, आणि त्यानें जें उत्तर दिलें तें मला ऐकूं आलें नाहीं. आवाज ओसरल्यावर, माझ्या जुन्या संवयीप्रमाणें, मीं त्याला तें पुन्हां सांगावयास लावलें.